नेटवर्क गेलं तर निरोप कसा द्यायचा? मेशटॅस्टिक, लोरा आणि आमची सोसायटी

घोडबंदरकर (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९:४२

मंडळी, जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

आम्ही मानपाड्याच्या पुढे राहतो, आई-बाबा वसंत विहारला. सरळ रेषेत तीनेक किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोन्हीकडची वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलचं नेटवर्कही. आईने मला अठरा वेळा फोन लावला, एकही लागला नाही. तिला एवढंच सांगायचं होतं की बाबांची शुगर उतरली होती, साखरपाणी दिलं, आता बरं आहे. मला कळलं सकाळी साडेसातला, दूधवाल्याकडून. दूधवाल्याकडून!

त्यानंतर हट्टाने दोन हेल्टेक व्ही३, म्हणजे छोट्या रेडिओ डब्या, मागवल्या आणि त्यावर मेशटॅस्टिक हे निरोप पाठवायचं सॉफ्टवेअर चढवलं. सिम नको, इंटरनेट नको. फोन ब्लूटूथने डबीला जोडायचा, लिहायचं, पाठवायचं. चाललं! आता डोक्यात आलंय की सोसायटीतल्या इच्छुक घरांनाही एकेक घ्यायला लावावं. पण त्याआधी तीन शंका आहेत. हे कायद्यात बसतं का, आमचं बोलणं तिसरा कोणी वाचू शकतो का, आणि चाळीस घरांच्या हाती हे देणं शहाणपणाचं आहे का?

---

निवांत_नेरुळ
वाचतोय. खुर्ची पकडली आहे.

---

टपरीवरचा_इंजिनियर
आधी थोडं मूळ तंत्राबद्दल, नाहीतर पुढची भांडणं कळणार नाहीत.

लोरा म्हणजे या डब्या ज्यावर बोलतात ते रेडिओ तंत्र. त्यात प्रत्येक चिन्ह म्हणजे खालच्या सुरातून वरच्या सुरात चढत जाणारी एक तान असते. स्टेशनच्या गर्दीत कोणी नुसती टाळी वाजवली तर ऐकू येत नाही, पण लांबलचक तान घेतली तर कान ती बरोबर पकडतो. मेशटॅस्टिकच्या नेहमीच्या 'लाँगफास्ट' सेटिंगवर गोंगाटाच्या १७.५ डेसिबल खाली दबलेला सिग्नलही वाचता येतो. म्हणून चिमूटभर ताकदीत किलोमीटर पार होतात.

किंमत मोजावी लागते ती वेगात. सेकंदाला जेमतेम हजार बिट. दोनशे बाइटचा निरोप हवेत जायलाच दीड-दोन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ आसपासच्या बाकीच्यांनी गप्प बसायचं. आवाज नाही, फोटो नाही. सकाळची गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवता येत नाहीत, हा माझ्या मते सर्वात मोठा गुण.

---

शेपूट_अँटेना
कायद्याचं मी सांगतो, माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे.

८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे २००५च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. २०२१मध्ये तो ८६८पर्यंत वाढवला. अट अशी की ट्रान्समीटरची ताकद जास्तीत जास्त १ वॉट, अँटेनासकट प्रभावी ४ वॉट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ. आता गंमत बघा. अॅपमध्ये 'इंडिया' निवडलं की फ्रिक्वेन्सी बरोबर बसते, पण लाँगफास्टची रुंदी असते २५०! त्या २०० मध्ये राहायचं तर 'लाँग मॉडरेट' घ्या, ती १२५ ची आहे. वेग आणखी कमी होतो. शिवाय उपकरणाला ईटीए, म्हणजे वायरलेस खात्याची प्रकार-मान्यता, लागते. ती आहे का ते विकणाऱ्याला विचारा.

आणि डबी चालू करण्याआधी अँटेना लावा. आधी अँटेना, मग वीज. उलट केलंत तर ट्रान्समीटरचा भाग जळू शकतो.

---

लोकलचा_डबा
@शेपूट_अँटेना हे दोन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत? माझी पहिली डबी अशीच गेली. दुसरीबरोबर विक्रेत्याने भलत्याच पट्ट्याची, ४३३ मेगाहर्ट्झची अँटेना पाठवली होती. ती लावून तीन आठवडे 'येऊरचा डोंगर आडवा येतोय' असं सगळ्यांना सांगत फिरलो.

---

निवांत_नेरुळ
येऊर बिचारं. आधी बंगलेवाले, आता तुम्ही.

---

सावध_सदू
परवाना नको वगैरे ठीक आहे, पण पोलिसांना हे पटवून द्यायला कोण जाणार? गच्चीवर वायर लोंबकळणारी, दिवा लुकलुकणारी डबी. बघणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करा. २६/११ नंतर आपल्याकडे सॅटेलाइट फोनच्या बाबतीत किती कडकपणा आला ते माहीतच आहे.

---

शेपूट_अँटेना
सॅटफोन आणि हे एका मापात मोजू नका, ते पूर्ण वेगळं प्रकरण आहे. वॉकीटॉकीही वेगळा. ४४६ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे संच सोडले तर बाकीच्यांना परवाना लागतो, आणि २०२५मध्ये ऑनलाइन दुकानांसाठी त्याचे नियम आणखी घट्ट झाले. तुमची गच्चीची काळजी मात्र शंभर टक्के रास्त. डबीवर मोठ्या मराठीत लिहा : काय आहे, कोणाचं आहे, फ्लॅट नंबर. कमिटीचं पत्र घेऊन ठेवा.

---

टॉवर_सी_६०४
कमिटीचं पत्र!! हसू आवरेना.

आम्ही ऐरोलीत पाण्याच्या टाकीवर बसवली होती. जेमतेम साबणाच्या डबीएवढी, वर हातभर अँटेना. सर्वसाधारण सभेत एक आजोबा उठले आणि म्हणाले, मोबाइल टॉवर बसवलाय, भाडं कोणाच्या खिशात जातंय? पुढचा पाऊण तास रेडिएशनवर गेला. शेवटी मी सांगितलं की तुमच्या खिशातला फोन याच्यापेक्षा जास्त ताकदीने बोलू शकतो. त्यावर त्यांनी फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि सभा संपेपर्यंत त्याच्याकडे संशयाने बघत राहिले.

---

कुलूपकिल्ली
आता दुसरा प्रश्न, जो खरा आहे.

धागाकर्ते, तुम्ही डबी चालू केलीत आणि काहीही न बदलता बोलायला लागलात ना? मग तुमचं बोलणं उघडं आहे. अॅपमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं, पण नेहमीच्या चॅनेलची किल्ली जगभरातल्या प्रत्येक डबीत एकच असते आणि ती जगजाहीर आहे. सगळ्या चाळीला एकच कुलूप आणि एकच किल्ली, असं समजा.

स्वतःचा चॅनेल काढून त्याला नवी २५६ बिटांची किल्ली दिलीत की मजकूर पक्का झाकला जातो. पण पाकिटावरचा पत्ता तरीही उघडाच राहतो. कोणत्या डबीने कोणत्या डबीला, कधी, किती मोठा निरोप पाठवला, हे ऐकणाऱ्याला दिसतं. डबीचा क्रमांक तिच्या हार्डवेअरच्या पत्त्यातून येतो, त्यामुळे तोही टिकून राहतो. आत काय लिहिलंय कळत नाही, पण ६०४ वाले रोज रात्री ११ला ३०२ शी बोलतात हे कळतं.

---

टॉवर_सी_६०४
ओ, ६०४ कशाला मध्ये आणलंत. घरी वाचतात लोक.

---

कुलूपकिल्ली
ह.घ्या. :)

दुसरं असं की चॅनेलची किल्ली ज्याच्याकडे, तो कोणाच्याही नावाने बोलू शकतो. आणि आज कोणी हवेतलं सगळं साठवून ठेवलं आणि पुढच्या वर्षी किल्ली त्याच्या हाती लागली, तर जुनंही सगळं उघडतं. २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४पासून, एकट्याला पाठवायच्या निरोपाला दोघांची वेगळी किल्लीजोडी आली, ते बरंच सुधारलं. पण २०२५मध्ये कळलं की काही कारखान्यांनी एकाच डबीची नक्कल पुढच्या डब्यांत उतरवली होती, त्यामुळे अनेकांकडे त्याच किल्ल्या! २.६.११ किंवा नंतरची आवृत्ती घाला आणि किल्ल्या नव्याने बनवा.

आणि ज्या डबीला स्क्रीन नाही तिचा ब्लूटूथ पिन आधीपासून १२३४५६ असतो. बदला. आजच बदला.

---

प्राजक्ताचा_सडा
कुलूपकिल्ली, माहिती उत्तम, पण मला वाटतं तुम्ही चुकीच्या दाराला कुलूप लावताय.

२६ जुलै २००५. मी कुर्ल्याहून ठाण्याला चालत आले. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर पेपरात वाचलं, तेव्हा फक्त गळ्याशी आलेलं पाणी दिसत होतं. फोन मुका. घाटकोपरच्या पुढे अनोळखी बायकांनी एकमेकींच्या ओढण्या धरून साखळी केली होती. मुलुंडला एका घरात रात्रभर बसवून चहा दिला, त्यांचं नावही मी विचारलं नाही. सकाळी घरी पोचले तर आई देवासमोर बसलेली, बोलेना.

त्या रात्री मला माझ्या आईला फक्त एक ओळ द्यायची होती आणि ती अख्ख्या मुंबईने वाचली असती तरी चाललं असतं. उलट वाचायलाच हवी होती! बंद चॅनेलवर मदत मागितली तर ऐकणार कोण? तुमच्या चाळीस घरांपैकी एकोणचाळीस त्याच पाण्यात असतील. पलीकडच्या ऐरोलीतला कोरड्यात बसलेला माणूसच तुमच्या उपयोगाचा, आणि त्याच्याकडे तुमची किल्ली नाही.

---

लोकलचा_डबा
+१. १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी. मी कळव्याच्या अलीकडे डब्यात. बाजूचा माणूस विचारत होता काय झालं, मी त्याच्या बाजूच्याला विचारत होतो. कोणाकडेच गुपित नव्हतं, सगळ्यांकडे प्रश्नच.

---

तारमास्तर
मी आयुष्यभर तार खात्यात काढलं. तुमची चर्चा वाचून मजा वाटली म्हणून लिहितो, चुकलं तर सांगा.

तार बंद झाली जुलै २०१३मध्ये. तोवर आमच्या हातून गेलेली प्रत्येक तार आम्ही वाचत होतो. वाचल्याशिवाय पाठवणार कशी? कोणाचा बाप गेला, कोणाला नोकरी लागली, कोणाचं लग्न मोडलं, हे घरच्यांच्या आधी आम्हाला ठाऊक. लोकांना हे माहीत होतं. म्हणून ज्याला झाकायचं तो आधीच ठरवून ठेवलेल्या शब्दांत लिही. 'माल पोचला' म्हणजे मुलगा झाला, असं. शुभेच्छांच्या तारेला तर खात्यानेच ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले होते. तुम्ही नुसता क्रमांक सांगायचा, समोरच्याला छापील वाक्य मिळायचं.

तुमच्याकडेही शब्द कमी आणि ऐकणारे फार. मग असा तक्ता का करत नाही?

---

टपरीवरचा_इंजिनियर
काका, नकळत मर्मावर बोट ठेवलंत.

देवनागरीचा एक एक वर्ण, काना-मात्राही वेगळी धरून, तीन बाइट खातो. 'आई ठीक आहे' हे २६ बाइट. तेच रोमनमध्ये लिहिलं की १३. दोनशे बाइटच्या निरोपात मराठीची जेमतेम साठ-पासष्ट चिन्हं मावतात. तक्ता केला, समजा '३' म्हणजे 'घरात पाणी शिरलं, वरच्या मजल्यावर आहोत', तर निरोप चुटकीसरशी जातो, बॅटरी वाचते आणि बाहेरच्याला नुसता ३ दिसतो.

---

कुलूपकिल्ली
तक्ता चोरट्याला कळायला एक जिना चढावा लागेल. लिफ्टमध्येच चिकटवणार आहात ना तो? ;)

पण प्राजक्ताताईंचं म्हणणं मान्य. मी गुपित राखायच्या बाजूने विचार करत होतो, त्या सापडायच्या बाजूने करतायत.

---

सावध_सदू
तुमचं सगळ्यांचं मजकुरावरच अडलंय. मी ठिकाणाबद्दल बोलतो.

आमच्या वाशीच्या ग्रुपमध्ये एकाने वडिलांसाठी जीपीएसवाली डबी घेतली. नाव ठेवलं 'नाना', चॅनेल तोच जगजाहीर, ठिकाण पूर्ण अचूक. परिसरातल्या दुसऱ्याने आपली डबी इंटरनेटला जोडली होती, एमक्यूटीटी का काय म्हणतात ते. झालं! जे हवेत वाशीपुरतं होतं ते नकाशावर सगळ्या जगाला. नाना सकाळी ६:१० ला मिनी सीशोअरला, ७:३० ला घरी, शनिवारी देवळात. मी माझ्या फोनवर बसल्या बसल्या तीन आठवड्यांचा दिनक्रम बघितला आणि मग त्या मुलाला फोन केला. त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या मते 'ऑफ-ग्रिड' म्हणजे कोणालाच दिसत नाही.

---

निवांत_नेरुळ
बाप रे. यावर उपाय?

---

कुलूपकिल्ली
आहे. घराच्या डबीचं ठिकाण बंदच ठेवा, किंवा अचूकता दोन-तीन किलोमीटरपर्यंत ढोबळ करा. 'एमक्यूटीटीला चालेल' हा पर्याय बंद ठेवा. मात्र तो निव्वळ विनंतीवजा झेंडा आहे. पलीकडच्याच्या सॉफ्टवेअरने मान ठेवला तरच उपयोग. आणि डबीच्या हवेत दिसणाऱ्या नावात आडनाव, फ्लॅट नंबर असलं काही ठेवू नका. चार दिवस 'जोशी ३०२' गप्प म्हणजे जोशी गावाला गेले.

---

शेपूट_अँटेना
नकाशाची तरी काय गरज आहे? बोललात की सापडलात. आम्ही हॅमवाले खेळ म्हणून करतो : लपवलेला ट्रान्समीटर दिशादर्शी अँटेनाने हुडकायचा. किल्ली कितीही मोठी लावा, लाट कुठून आली ते लपत नाही.

गंमत म्हणजे आम्हाला आमच्या पट्ट्यात गुप्त भाषेला मुळात परवानगीच नाही. सगळं उघड, स्वतःचं कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, सांगून. तरी २००४च्या त्सुनामीत अंदमानातून हॅमवाल्यांनीच निरोप पोचवले.

---

टॉवर_सी_६०४
किल्ली सगळ्यांकडे असली की काय होतं त्याचं प्रात्यक्षिक आमच्याकडे झालंय.

सोसायटीचा बंद चॅनेल केला, बावीस घरं. क्यूआर कोड सूचना फलकावर लावला (हो, माहितीये, हसा). तिसऱ्याच दिवशी दुपारी निरोप आला, पाठवणाऱ्याचं नाव 'सेक्रेटरी' : 'टाकी साफ करणार, संध्याकाळी पाणी नाही.' अख्ख्या इमारतीने बादल्या, पिंप, कुकर, पूजेचा तांब्यासुद्धा भरून ठेवला. एवढे नळ एकदम सुटल्यामुळे टाकी खरंच रिकामी झाली आणि संध्याकाळी खरंच पाणी नव्हतं. सेक्रेटरी त्या वेळी सासुरवाडीला, डबी कपाटात बंद. पाठवणारा निघाला नववीतला एक गुणी बाळ, ज्याने फक्त आपल्या डबीचं नाव बदललं होतं.

---

लोकलचा_डबा
हा मुलगा पुढे जाणार.

---

तारमास्तर
आमच्या वेळी असलं पोर सापडलं असतं तर साहेबाने चिकटवून घेतलं असतं.

---

घोडबंदरकर (धागाकर्ता)
किती शिकायला मिळालं! एक विचारायचं राहिलं : खारघरला बहीण आहे, तिच्यापर्यंत पोचेल का? लोक म्हणतात हॉप, म्हणजे निरोपाच्या डबी ते डबी उड्या, वाढवा, सातपर्यंत जातात.

---

टपरीवरचा_इंजिनियर
कृपा करून तीनच ठेवा. प्रत्येक डबी ऐकलेला निरोप पुन्हा हवेत टाकते, त्यामुळे सगळ्यांनी सात केले की संध्याकाळचा घोडबंदर रोड होतो. सगळे बाहेर पडलेत, कोणीच पोचत नाही.

खारघरची अडचण हॉपची नाहीच, डोंगराची आहे. कोपरीहून ऐरोली सोपं. मध्ये खाडी आणि खारफुटी, अडवायला काही नाही, फ्लेमिंगो सोडले तर. पण खारघर पारसिकच्या रांगेच्या मागे पडतं. कोणीतरी उंचावर, दोन्हीकडे दिसेल अशा इमारतीच्या गच्चीवर डबी ठेवली तरच. सौर पॅनेल आणि १८६५० सेल असेल तर कमी वीज खाणारी एनआरएफ चिपवाली डबी घ्या. ईएसपी३२वाली हेल्टेक पावसाळी ढगांत चार दिवसांत मान टाकेल.

तुमच्या आई-बाबांच्या घरापर्यंत काय अनुभव? तिकडेही उंच इमारतींचं जंगल आहे.

---

घोडबंदरकर (धागाकर्ता)
बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली तर जातं. बेडरूममध्ये ठेवली तर दहातले चार. लिफ्टमध्ये शून्य. गंमत म्हणजे समोरच्याच बी विंगला जात नाही, मध्ये दोन टॉवर आडवे, पण तीन किलोमीटरवर आईला जातं.

---

निवांत_नेरुळ
शेजाऱ्याशी बोलायचं तर आईकडून निरोप पाठवायचा. तसंही आपल्याकडे हेच चालतं.

---

प्राजक्ताचा_सडा
मूळ प्रश्न राहिला बाजूला, म्हणून पुन्हा तिकडे. चाळीस घरांना द्यावं का? माझं मत : देऊ नका. पाच-सहा घरांना द्या, ज्यांना नीट चार्ज करून ठेवायची सवय आहे आणि ज्यांची दारं रात्री दोनला वाजवली तरी उघडतील. प्रत्येक मजल्यावर डबी असण्यापेक्षा एका मजल्यावर माणूस असलेला बरा. आणि दर महिन्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, फोन एअरप्लेन मोडवर टाकून (ब्लूटूथ तेवढं चालू ठेवून) सराव करा. नाहीतर वेळ येईल तेव्हा बॅटरी उतरलेली आणि अॅप 'अपडेट करा' म्हणत बसलेलं.

---

कुलूपकिल्ली
सहमत. पाच-सहांत किल्ली हातोहात देता येते, फलकावर लावावी लागत नाही. दोन चॅनेल ठेवा. एक तुमचा, स्वतःच्या किल्लीचा, शुगर आणि औषधांसाठी. दुसरा जगजाहीर, 'पाणी चढतंय, मदत हवी' साठी. कोणती गोष्ट कुठे, एवढंच शिकवायचं.

---

घोडबंदरकर (धागाकर्ता)
रविवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. तसंच केलं. सहा घरं, दोन चॅनेल, लाँग मॉडरेट, ठिकाण बंद, पिन बदलला, तारमास्तर काकांचा तक्ता बाराच वाक्यांचा. आज सकाळी आईला शिकवलं : वरचा चॅनेल सगळ्यांचा, खालचा आपला. तिने चष्मा लावून वहीत लिहून घेतलं.

घरी येऊन बसतो तोच डबी वाजली. 'वांग्याचं भरीत केलंय भाकरी गरम आहे ये.' वरच्या चॅनेलवर. पाठोपाठ ऐरोलीहून कोणीतरी, नाव दिसतंय 'खाडीपार' : 'काकू आम्ही पण येऊ का?'

---

टॉवर_सी_६०४
खाडीपार मीच आहे हो. प्रश्न मनापासून विचारला होता.

---

घोडबंदरकर (धागाकर्ता)
आई म्हणतेय, या. किती जण ते खालच्या चॅनेलवर कळवा म्हणाली. तुम्हाला किल्ली कशी द्यायची ते विचारतेय.